जंतू एक, उत्तरे अनेक

2022 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर वाढला आणि नोव्हेंबरपर्यंत तो मालेगाव, भिवंडीतही पोचला. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटातून वाट काढत आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर फिरल्या. ताप कधीपासून, पुरळ कानामागून सुरू झाले का, लशीचे कार्ड कुठे आहे, अ जीवनसत्त्वाचा डोस घेतला का, असे ठरलेले प्रश्न. उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि गरज असेल तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या तान्ह्यांनाही लस द्यावी, असे केंद्राने राज्याला कळवले. वर्तमानपत्रांत रोज आकडे येत राहिले आणि साथ ओसरली तसे तेही थांबले.

गोवराचा खरा हिशेब मात्र साथ ओसरल्यावर सुरू होतो. गोवर उठून गेला तरी पोर वर्षभर सावरत नाही, आज खोकला तर उद्या जुलाब, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक होते. त्यामागचे कारण शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते अगदी अलीकडे. 2000 साली जपानी संशोधकांनी दाखवले की गोवराचा विषाणू पेशीत शिरताना स्लॅम नावाच्या एका रेणूला धरतो. हा रेणू आपल्या प्रतिकार यंत्रणेच्याच पेशींवर असतो, आणि जुन्या आजारांची आठवण राखणाऱ्या पेशींवर तर हमखास. म्हणजे विषाणू आठवणीवरच घाला घालतो. 2019 साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचे गोवरापूर्वीचे आणि गोवरानंतरचे रक्त ताडून पाहिले, तेव्हा त्यांनी तोवर कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झालेली आढळली. लशीतला दुबळा केलेला विषाणू असे काही करत नाही.

भिवंडीच्या शांतीनगरातल्या एखाद्या खोलीत गोवरातून उठलेले मूल दोन महिन्यांनी न्यूमोनियाने आजारी पडते आणि आईला वाटते, हा नवाच आजार. तो नवा नसतो. हे सांगायला कुणाला तरी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे एका रेणूच्या मागे घालवावी लागली. अशी वर्षे घालवणाऱ्या माणसांविषयीचे हे छोटे पुस्तक भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींसाठी लिहिले गेले, आणि त्याला प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. विषय इम्युनॉलॉजीचा, त्यातही रेणूंच्या पातळीवर चालणाऱ्या इम्युनॉलॉजीचा. पुस्तकातली माणसे परळ आणि खारघरची.

कोविडनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द चहाच्या टपरीवरही रुळला. काढा, गोळ्या, सरबत, सगळ्यांनी ती ‘वाढते’. जाहिरातदारांना ती मापात मोजून विकता येते, जास्त तेवढी चांगली. या क्षेत्रात काम करणारा माणूस ‘वाढली का’ असे विचारत नाही. कोणती पेशी जागी झाली, तिने काय ओळखले, ती कुणाच्या सांगण्यावरून थांबली, थांबलीच नाही तर काय बिघडले, हे त्याचे प्रश्न. रोग निम्मा जंतूचा असतो आणि निम्मा आपल्या शरीराने त्याला दिलेल्या उत्तराचा. मुंबईतल्या संशोधकांना हे ज्या आजाराने शिकवले तो आजार म्हणजे कुष्ठरोग.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेत 1873 साली पाहिला, क्षयाचा जंतू सापडण्याच्या नऊ वर्षे आधी. जंतू सापडला म्हणून कोडे सुटले नाही, उलट ते तिथूनच सुरू झाले. त्याच्या संपर्कात आलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यातही एकाच्या अंगावर एखादा बधिर चट्टा उमटतो आणि त्यात जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्याच्या अंगावर गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, आणि त्याच्या त्वचेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. जंतू तोच. रिडले आणि जॉपलिंग यांनी 1966 साली या दोन टोकांमधल्या पायऱ्या लावून दिल्या. गाठीवाल्या रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात, पण ती निरुपयोगी ठरतात, कारण जंतू पेशींच्या आत दडलेला असतो आणि तिथवर पोचणाऱ्या, प्रतिकार यंत्रणेतल्या टी पेशी नेमक्या याच जंतूपुरत्या गप्प बसतात. चट्टेवाल्या रुग्णात त्या चवताळतात, जंतू मारतात आणि जवळची नस निकामी करतात. हाताची बोटे वाकतात ती अनेकदा या चवताळण्यामुळे.

हे सारे कळण्याआधीपासून भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांत त्वचेचे विकार जातात या श्रद्धेने लोक पिढ्यान् पिढ्या येत आले. इकडे वडाळ्याला 1890 साली कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभा राहिला, त्याला आजही अ‍ॅकवर्थ यांचे नाव आहे. हे हॅरी अ‍ॅकवर्थ मुंबईचे पालिका आयुक्त, आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे जमवून छापणारे अ‍ॅकवर्थही तेच. इतिहासवाल्यांना ते पोवाड्यांमुळे माहीत, डॉक्टरांना रुग्णालयामुळे. हा माणूस एकच होता हे दोघांनाही सहसा कुणी सांगत नाही.

या पुस्तकातली वंशावळ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यापासून सुरू होते. 1941 साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. तीनच वर्षांत त्यांनी अमेरिकेतल्या कर्करोगविषयक नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या 1,000 लागोपाठच्या रुग्णांचा आढावा छापला. पान-तंबाखूवर आज जे बोलले जाते त्याची एक जुनी आणि भक्कम पायरी तिथे आहे. खानोलकर मुळात विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे काचपट्टीवर ऊतींचे काप पाहणारे. तसे पाहताना कुष्ठरोगाचा जंतू अगदी सुरुवातीला त्वचेतल्या बारीक चेतातंतूंमध्ये मुक्काम करतो हे त्यांनी दाखवले. बाहेर काहीही दिसत नसताना आत बरेच घडलेले असते. 1952 साली त्यांच्याच पुढाकाराने परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले.

कमल रणदिवे त्यांच्या विद्यार्थिनी. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या, पूर्वाश्रमीच्या समर्थ. 1949 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊती-संवर्धन शिकून आल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवणे आणि वाढवणे हे गाय यांचे शास्त्र; जगभर पोचलेल्या हिला पेशी 1951 साली त्यांच्याकडेच प्रथम वाढल्या. परळला परतून रणदिवे यांनी अशी प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली म्हणून तिची ओळख आहे. त्यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात ‘पहिल्या महिला’ हे विशेषण इतके पुढे असते की त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते मागे पडते. 2021 साली त्यांच्या जन्मदिनी गूगलने चित्र लावले तेव्हाही हेच झाले. नगर जिल्ह्यातल्या राजूरच्या आदिवासी मुलांच्या पोषणावर त्यांनी केलेले काम, भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची उभारणी, हे सगळे आहेच. पण मला त्यांची 1958 सालची एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्या वेळी कुष्ठरोगाचा जंतू जगात कुणालाही प्रयोगशाळेत वाढवता आला नव्हता. खरे तर आजही कृत्रिम माध्यमात तो वाढत नाही. दुप्पट व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. शेपर्ड यांनी 1960 साली उंदराच्या पंजाच्या तळव्यात तो वाढवला आणि 1971 साली अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात तो पसरतो असे आढळले. 2001 साली त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा कारण कळले: सुमारे 1,600 जनुके चालू आणि 1,100 च्या आसपास मोडून पडलेली. परावलंबनाची सवय लागलेला हा जंतू एकट्याने जगायची अवजारेच गमावून बसला आहे.

हे काही माहीत नसताना परळमध्ये रणदिवे, खानोलकर आणि त्यांचे सहकारी बापट यांनी खटपट केली. जंतूला चेता आवडतात हे खानोलकरांनी दाखवले होते, आणि चेतापेशी भांड्यात वाढवायची विद्या रणदिवे यांच्या हाती होती. गाठीवाल्या रुग्णांच्या ऊतींतून या संवर्धनाच्या मदतीने त्यांनी एक आम्लस्थायी, म्हणजे रंगवल्यावर आम्लानेही रंग न सोडणारा जंतू वेगळा केला. त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून आयसीआरसी बॅसिलस म्हणू लागले. पुढे शंका निघाल्या, वाद झाले, आणि निष्पन्न झाले की हा कुष्ठरोगाचा जंतू नाही. त्याच घराण्यातला, एव्हियम-इंट्रासेल्युलेअर गटातला तो एक दूरचा नातेवाईक.

एखाद्या संशोधकाची कारकीर्द इथे संपली असती. पण इम्युनॉलॉजीला हवा असलेला प्रश्न वेगळा होता: हा नातेवाईक दाखवला तर गप्प बसलेल्या टी पेशी जाग्या होतात का? 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. माधव देव, बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेले हे जंतू लस म्हणून वापरले, आणि गाठीवाल्या रुग्णांपैकी काहींमध्ये टी पेशींची ही जाग दिसू लागली. दोन्ही जंतूंमध्ये काही प्रथिने सामाईक होती, म्हणून हे शक्य झाले. मग तमिळनाडूत डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली मोठी चाचणी झाली. 1991 ते 1993 या काळात सुमारे 1 लाख 71 हजार लोकांना निरनिराळ्या लशी किंवा नुसते द्रावण टोचले गेले. कुणाला काय टोचले हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हते. 1998 साली निकाल छापले. बीसीजीने 34.1 टक्के संरक्षण दिले. बीसीजी आणि मारलेला कुष्ठजंतू एकत्र दिल्यावर 64, आणि आयसीआरसी लशीने 65.5 टक्के.

चाळीस वर्षांनी आलेला हा निकाल उत्तम होता, आणि तोवर त्याची गरज उरली नव्हती. 1982 पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार जगभर पोचला होता, रुग्णांची संख्या झपाट्याने उतरत होती, आणि कमी होत चाललेल्या आजारावर लाखो निरोगी माणसांना लस टोचणे सरकारला परवडणारे वा पटणारे नव्हते. लस कार्यक्रमात आली नाही. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. मात्र संशोधनात येऊ पाहणाऱ्या मुलांनी हे प्रकरण दोनदा वाचावे. प्रश्न बरोबर, पद्धत बरोबर, उत्तर बरोबर, आणि तरीही वेळ निघून गेलेली, असे या धंद्यात वारंवार होते.

लस कपाटात राहिली, पण प्रश्न पुढे गेला. डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या संशोधनाची वाट याच घरातून निघते. 1986 साली जर्मन इम्युनॉलॉजिस्ट कॉफमन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या निबंधात कुष्ठजंतू पोटात घेऊन बसलेल्या भक्षक पेशींना उंदरातल्या कोणत्या टी पेशी फोडू शकतात हे दाखवले होते. जंतूला मारण्यासाठी आपलीच पेशी मारणे हा तोडगा शरीराकडे आहे. पुढे चिपळूणकर कर्करोगाकडे वळल्या, आणि कालांतराने खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या. कुष्ठरोगातून कर्करोगाकडे जाणे वरवर पाहता दिशा बदलल्यासारखे वाटते. तसे ते नव्हते, आणि का नव्हते हे समजण्यासाठी एका प्रथिनाची गोष्ट सांगायला हवी.

पेशीवर ताण आला, ताप चढला, प्राणवायू कमी पडला की ती काही खास प्रथिने बनवते. त्यांना उष्माघात प्रथिने म्हणतात. इतर प्रथिनांची घडी विस्कटू नये म्हणून ती राबतात. कुष्ठाच्या आणि क्षयाच्या जंतूंमध्ये असे एक प्रथिन आहे आणि आपली प्रतिकार यंत्रणा त्यावर फार चटकन लक्ष देते. गंमत अशी की माणसाच्या पेशींतही त्याचा सख्खा भाऊ आहे, एचएसपी-60. जंतूपासून माणसापर्यंत उत्क्रांतीने हे प्रथिन फारसे बदललेच नाही. मग ताणाखाली असलेल्या कर्कपेशीने ते आपल्या पृष्ठभागावर दाखवले, तर जंतू ओळखायला शिकलेल्या पेशी तिलाही ओळखतील का? 1999 साली चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हो, तोंडाच्या कर्कपेशींवर एचएसपी-60 असते आणि गॅमा-डेल्टा टी पेशी त्यावरून त्यांना ओळखतात.

गॅमा-डेल्टा टी पेशी हा रक्तातला अल्पसंख्य वर्ग, टी पेशींमध्ये साधारण एक ते पाच टक्के. त्या आहेत हेच 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कुणाला माहीत नव्हते. नेहमीच्या टी पेशींना परक्या प्रथिनाचा तुकडा एका ठरावीक रेणूच्या ताटलीत वाढून दाखवावा लागतो, तेव्हा त्या हलतात. यांना ताटली लागत नाही. कर्कपेशी पुष्कळदा ती ताटलीच लपवते आणि नेहमीच्या पेशींच्या नजरेतून सुटते, म्हणून या वेगळ्या वर्गाचे मोल. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिले जाणारे झोलेड्रोनेट हे औषध कर्कपेशीत एक विशिष्ट फॉस्फेट साठू देते आणि गॅमा-डेल्टा पेशींना तिचा सुगावा लागतो. स्तनाच्या कर्कपेशींवर चिपळूणकर यांच्या प्रयोगशाळेने 2010 साली हे करून दाखवले.

निबंधाच्या दोन ओळींत मावणाऱ्या अशा वाक्यामागे रोजचे काम कसे असते तेही मुलांना कळावे. शस्त्रक्रियेत निघालेला अर्बुदाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा तुकडा दुपारी तीनला येवो की रात्री आठला, तो तसाच ठेवून चालत नाही, पेशी मरतात. रक्त एका दाट द्रावणावर अलगद ओतून फिरवायचे, मधे जमलेला पांढुरका थर पिपेटने उचलायचा. त्यातून हव्या त्या पेशी वेगळ्या करून आठवडाभर वाढवायच्या. तिकडे कर्कपेशींना किरणोत्सारी क्रोमियम पाजायचे. मग दोन्ही एकत्र ठेवून चार तास थांबायचे. कर्कपेशी फुटली तर क्रोमियम बाहेर येते, ते मोजले की किती मेल्या ते कळते. भांड्यात बुरशी शिरली तर आठवडा वाया. रुग्णाचा तुकडा पुन्हा मिळत नाही. पीएचडीची पाच-सहा वर्षे अशीच जातात आणि त्यातून एखादा आलेख निघतो. कुठल्याही व्याख्यानात हा भाग सांगत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी मुले बिचकतात.

2016 चा निबंध मला या साऱ्या कामात सर्वांत प्रामाणिक वाटतो. पित्ताशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास करताना चिपळूणकर यांच्या गटाला आढळले की गॅमा-डेल्टा पेशींपैकी काही इंटरल्युकिन-17 नावाचा निरोप सोडतात, त्यामुळे अर्बुदाला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि अशा पेशी जास्त असलेले रुग्ण कमी जगतात. ज्या पेशीच्या बाजूने इतकी वर्षे पुरावा गोळा केला तीच इथे विरुद्ध बाजूला उभी. कुष्ठरोगात चवताळलेल्या टी पेशीने नस जाळली तशीच ही गोष्ट. आवडत्या पेशीची बदनामी करणारा पुरावा स्वतः छापणे सोपे नसते. सरबतवाल्यांनी हा निबंध वाचायला हवा: जास्त पेशी, कमी आयुष्य.

दरम्यान पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये दुसरी वाट निघाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत नवे जनुक घालून, त्यांना रक्ताच्या कर्कपेशी ओळखायला शिकवायचे आणि परत टोचायचे. या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. परदेशात यासाठी कोट्यवधी रुपये लागतात. इथे किंमत त्याच्या काही अंशावर आणण्याचा प्रयत्न आहे. पण तो रक्ताच्या काही कर्करोगांपुरता. रक्तात कर्कपेशी मोकळ्या भेटतात. तोंडातला गोळा घट्ट असतो, आत प्राणवायू कमी असतो, शिरलेल्या टी पेशी थकतात, आणि त्यांना जे लक्ष्य शिकवावे ते निरोगी पेशींवरही सापडते.

भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, आणि भिवंडीत रात्रपाळीत जागे राहायला मागावरचा कामगार मावा मळतो हे नाक्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसते. ‘तंबाखू सोडा’ हे सांगणाऱ्याचे काम मोठे आहे आणि ते प्रयोगशाळेत होत नाही. प्रयोगशाळेने सोडवायचा प्रश्न त्यापुढचा: तोंडातल्या त्या घट्ट गोळ्यात गॅमा-डेल्टा पेशी पाठवायच्या तर त्यांनी इंटरल्युकिन-17 चा मार्ग न धरता मारण्याचाच मार्ग धरावा, यासाठी त्यांना बाहेर वाढवताना कोणते संकेत द्यायचे आणि कोणते रोखायचे. नॉच नावाच्या रेणूंची एक साखळी यात हात घालते हे चिपळूणकर यांच्याच गटाने 2014 साली दाखवले आहे. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्या साखळीवर आहे, आणि बारावीपर्यंतचे जीवशास्त्र नीट वाचलेल्या कुणालाही ते झेपेल.